बायकोवर संशय आहे, मुलं लहान आहेत. गप्प बसू की सोक्षमोक्ष लावू?

प्रश्न, थोडक्यात: मी 38 वर्षांचा, नाशिकला अंबडच्या एका कंपनीत शिफ्ट सुपरवायझर. बायको 34, एका पतसंस्थेत नोकरीला. लग्नाला 10 वर्षं झाली. मुलगी साडेसात वर्षांची, मुलगा अडीच. दिवाळीपासून बायकोचं वागणं बदललंय. फोन उघडायचा पॅटर्न बदलला, रात्री फोन उशीखाली असतो. ऑफिसातल्या एका सरांचं नाव आधी रोज निघायचं, आता निघतच नाही. एकदा ती निरोपसमारंभाहून उशिरा आली, त्या रात्री पावणेअकराला तिच्या फोनवर 'पोचलीस का' असा त्यांचा मेसेज मी पाहिला. दुसऱ्या दिवशी तो चॅटच नव्हता. विचारलं तर 'तुझ्या डोक्यात घाण आहे' म्हणाली. मी थर्ड शिफ्टला असलो की मुलीला विचारतो, काल आई कोणाशी बोलत होती. भाऊ म्हणतो डिटेक्टिव्ह लाव, धाकट्याची डीएनए टेस्ट करून घे. आईलाही कुणकुण लागलीय. झोप लागत नाही म्हणून दोन महिने रोज थोडी घेतो. मुलांकडे बघून गप्प बसावं की एकदाचा सोक्षमोक्ष लावावा?

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात जड ओळ तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मुलीला विचारतो म्हणालात ना, ती. बाकीच्या सगळ्यावर बोलू, पण हे विचारणं आजपासून बंद करा.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे समुपदेशनाला एक जोडपं आलं होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). सोबत आठ वर्षांचा मुलगा. आईबाबा माझ्यासमोर, मुलगा बाहेरच्या बाकावर. आमच्या बाईंनी त्याला कागद आणि खडू दिले. मुलं अशा वेळी घर काढतात, दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य काढतात. यानं नऊ ठिपके काढले, तीन-तीनच्या ओळीत, आणि एका रेघेनं जोडले. मला आधी ठिपक्यांची रांगोळीच वाटली. "हे काय रे?" तर म्हणाला, "मम्मीचं पॅटर्न." कागद उलटून दाखवला, मागे दुसरं होतं. "हे जुनं." आई फोन उघडते तेव्हा तिचं बोट कसं फिरतं ते बघून ठेव, असं त्याला वडिलांनी सांगितलं होतं. हा मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला होता. लघवीच्या तपासण्या झाल्या होत्या, सगळं नॉर्मल. कोणाला काही कळत नव्हतं.

सात-आठ वर्षांच्या मुलाला घरात जे घडतं ते आपल्यामुळेच घडलं असं सहज वाटतं. तुमची मुलगी आज म्हणाली, 'आई काकांशी बोलत होती' आणि उद्या घरात भांडी आपटली, तर तिच्या हिशेबात ते भांडण तिनं लावलं. नाही सांगितलं तर बाबांशी खोटं बोलली. दोन्हीकडून तीच अपराधी. आणि उद्या तुमचा संशय निव्वळ खोटा निघाला, तुम्ही दोघं हसून मोकळे झालात, तरी तिनं आईवर पाळत ठेवली होती हे तिच्यापाशी राहतंच.

तेव्हा तिला जवळ घेऊन एकदाच सांगा: "मी तुला आईबद्दल विचारायचो ना, ते माझं चुकलं. मोठ्यांचं मोठ्यांनी विचारायचं असतं. मी आईलाच विचारीन. तू जे सांगितलंस त्यामुळे काही बिघडलेलं नाही." एवढंच. रडू नका, शपथ घालू नका, 'आईला सांगू नकोस' तर मुळीच म्हणू नका. तिनं आईला सांगितलं तर सांगू दे.

आता तुमच्या खुणांकडे येते. फोनचा पॅटर्न बदलणं, फोन उशीखाली ठेवणं याला मी फारशी किंमत देत नाही. अडीच वर्षांच्या पोराच्या हातात फोन गेला की दहा मिनिटांत कुठल्या कुठे फोन लागतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय नवरा आपला फोन बघतो असं एकदा लक्षात आलं की काही नसलेली बाईसुद्धा पॅटर्न बदलते. सरांचं नाव एकाएकी निघेनासं झालं, हे मात्र मी नोंदवून ठेवीन. नव्या ओळखीच्या माणसाबद्दल आपण घरी भरभरून बोलतो. ते बोलणं अचानक थांबतं तेव्हा एकतर भांडण झालेलं असतं, किंवा घरी त्या नावावरून टोमणे बसलेले असतात, किंवा त्या नात्याला असं काही वळण लागलेलं असतं की नाव घेताना आपला चेहरा आपल्यालाच सांभाळावा लागतो. तिन्ही शक्यता आहेत. तुम्ही टोमणे मारले होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

आणि तो मेसेज. उशिराच्या कार्यक्रमानंतर सहकाऱ्यानं घरी पोचल्याचं विचारणं यात गैर काय? पण तुम्हाला मेसेजपेक्षा त्यातलं 'लीस' टोचलंय. 'पोचलात का' असं असतं तर तुम्ही कूस बदलून झोपला असता. बरोबर आहे ना? मराठीत तुम्ही वरून तू वर येणं ही एक पायरी असते आणि ती कोणी, कधी, कशी ओलांडली हे आपल्याला नेमकं कळतं. तुमच्या कानानं जवळीक टिपली, ती खरीच असेल. मात्र जवळीक म्हणजे कुठवरची, हे त्या एका क्रियापदावरून ठरत नाही. नाशिक-खानदेश पट्ट्यात तर वर्षभर एकत्र काम केलेली माणसं सर्रास अरे-तुरे करतात. चॅट पुसणं हे त्याहून गंभीर. पण पुसला का, याची उत्तरं परत दोन: लपवण्यासारखं होतं म्हणून, किंवा तुम्ही पाहिलंत हे तिला कळलं आणि कटकट नको म्हणून.

लपवाछपवी असली की आपण थेट बाहेरच्या प्रकरणापर्यंत पोचतो. माझ्याकडे एक बाई होत्या, तसाच फोन, तसंच गॅलरीत जाऊन बोलणं. नवऱ्यानं माणसं लावली होती. निघालं काय, तर त्या भावाच्या कर्जाला जामीन राहिल्या होत्या, हप्ते थकले होते आणि वसुलीवाले त्यांना फोन करत होते. दुसऱ्या एका घरात नवरा लपवत होता तो गाठीचा रिपोर्ट. मार्च एंडच्या सुमारास पतसंस्थेत काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय काय असू शकतं, ठेवीदार, ऑडिट, वसुलीची टार्गेटं, याचाही विचार करून ठेवा. तुमचा संशय खोटा आहे असं मी म्हणत नाही. खरा असण्याची शक्यता मला दिसते. तुम्ही निकाल लावून मग तपास करताय, एवढंच माझं म्हणणं.

त्याआधी एक नको असलेला प्रश्न. रोज थोडी घेतो म्हणालात. थोडी म्हणजे किती, आणि दिवाळीच्या आधीही होती का? हे विचारायला कारण आहे. संशय हे कधीकधी लक्षण असतं, आणि दारूशी त्याची जुनी सोयरीक आहे. तिचे कपडे हुंगणं, ऑफिस ते घर किती मिनिटं लागतात ते मोजणं, पदराला केस दिसला तर जपून ठेवणं, तिनं दिलेलं प्रत्येक उत्तर तासाभरात पुरेनासं होणं, तिला बाथरूममध्ये दोन मिनिटं जास्त लागली तरी छातीत धडधडणं. यातलं काही तुमच्यात असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. हा आजार औषधांनी आटोक्यात येऊ शकतो आणि त्याकडे दुर्लक्ष केलं तर माणसाच्या हातून भयानक गोष्टी घडतात. टेलिमानस ही सरकारी सेवा 14416 वर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, थर्ड शिफ्टहून आल्यावर रात्री-पहाटेही फोन लावता येतो. आणि आजार नसला तरी झोपेसाठी दारू हा उपाय नाही. तिनं झोप लागते पण टिकत नाही, पहाटे तीनला डोळे टक्क उघडे, आणि तीन वाजताचे विचार कसे असतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आता भावाचे सल्ले. भाऊ तुमच्या बाजूचा आहे, पण त्याचं ऐकाल तर कोर्टात बसाल आणि तिथेही उघडे पडाल.

डिटेक्टिव्हचं आधी. तुमचा माणूस कोणाबरोबर चहा प्यायला बसला याचे रस्त्यावरून फोटो काढणं वेगळं, आणि 'कॉल डिटेल काढून देतो, व्हॉट्सॲप उघडून देतो' म्हणणं वेगळं. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी कॉल रेकॉर्ड बेकायदा मिळवून विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. ते रेकॉर्ड मागवणाऱ्या गिऱ्हाइकांचीही चौकशी झाली. बायकोच्या फोनमध्ये तिच्या नकळत हेरगिरीचं ॲप टाकणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. नवरा आहे म्हणून सूट नाही. बेडरूममध्ये छुपा कॅमेरा हे तर मनातही आणू नका.

मग कायद्यात आहे तरी काय? व्यभिचार हा आता फौजदारी गुन्हा नाही. 27 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं भारतीय दंड संहितेचं कलम 497 रद्द केलं. माझ्याकडे आजही लोक येतात, 'त्या माणसाला आत टाकायचंय' म्हणत. नाही टाकता येत. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण म्हणून मात्र तो शाबूत आहे. तिथे शरीरसंबंध होता हे दाखवावं लागतं, थेट पुरावा सहसा नसतोच, परिस्थितीवरून सिद्ध करावं लागतं, आणि त्या तिसऱ्या माणसालाही सहसा दाव्यात ओढावं लागतं. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नवरा-बायकोच्या आपसातल्या बोलण्याचं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून घेता येतं. हे ऐकल्यापासून लोक घरातल्या प्रत्येक भांडणात खिशातला फोन चालू ठेवतात. चालेल म्हणजे करावंच असं कुठे आहे? रेकॉर्ड करायला बसलेला माणूस ऐकत नसतो, तो वदवून घेत असतो. समोरच्याला ते दोन वाक्यांत कळतं.

उलट बाजूही बघा. बायकोवर असे आरोप करायचे आणि ते सिद्ध करता यायचे नाहीत, ही मानसिक क्रूरता आहे असं सुप्रीम कोर्टानं 2003 साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटलं आणि त्या आधारावर बायकोच्या बाजूनं घटस्फोट झाला. म्हणजे भावाच्या नादानं तुम्ही जे शस्त्र उचलाल ते तुमच्यावरच फिरू शकतं.

डीएनए. यावर मला जरा राग येतो, तो येऊ द्या. धाकटा अडीच वर्षांचा आहे, तुमचा संशय गेल्या दिवाळीपासूनचा आहे. तारखांचा तरी हिशेब करायचा! कायद्यानं लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच मानलं जातं, आणि हे गृहीतक मोडायला त्या काळात नवरा-बायकोचा संबंध येणं शक्यच नव्हतं हे दाखवावं लागतं. पुण्याच्या एका प्रकरणात नवऱ्यानं धाकट्या मुलाची डीएनए मागितली होती, खालच्या कोर्टानं आणि हायकोर्टानं हो म्हटलं होतं. फेब्रुवारी 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं ते फिरवलं. बायकोचा व्यभिचार सिद्ध करायला मुलाला साधन करता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. लोक आता गुपचूप गालातला नमुना घेऊन खासगी लॅबला पाठवतात. अहवाल 'तुमचाच' असा आला तरी तो पोरगा पुढे कधीतरी ऐकणार असतो की बापानं आपली तपासणी केली होती. घरात ही गोष्ट लपत नाही. भाऊच कधीतरी लग्नकार्यात बोलून जातो.

इतकं कायद्याचं सांगितलं कारण तुम्हाला पुरावा हवाय. पण कोणासाठी? कोर्टाला जो पुरावा लागतो तो वेगळा, आणि तुम्हाला रात्री झोप लागायला जे कळायला हवंय ते वेगळं. पहिल्याच्या मागे लागलेली माणसं मी पाहिलीत. फाइल जाड होत जाते आणि मूळ प्रश्न, ही माझ्याबरोबर आहे की नाही, तिथेच राहतो. तो प्रश्न तिलाच विचारावा लागतो. तुम्ही विचारलात असं तुम्ही म्हणता, पण मला शंका आहे. तुम्ही बहुधा आरोप केलात. आरोपाला 'तुझ्या डोक्यात घाण आहे' हेच उत्तर मिळतं, निर्दोष माणसाकडूनही आणि दोषी माणसाकडूनही.

विचारायचं कसं, ते बारकाईनं सांगते.

तुमची फर्स्ट शिफ्ट असेल तो आठवडा निवडा, म्हणजे रात्री तुम्ही दोघंही घरी असाल. थर्ड शिफ्टहून तारवटून आल्यावर नाही. त्या दिवशी दारूचा थेंब नाही. मुलं घरात नकोत. झोपलीत म्हणून चालणार नाही, साडेसात वर्षांचं मूल अशा रात्री झोपत नसतं, डोळे मिटून पडलेलं असतं. रविवारी दुपारी त्यांना मामाकडे किंवा शेजारी सोडा. तुमच्या आईकडे नको, आईला कुणकुण लागलीय आणि ती मुलांच्या तोंडून काढून घेईल. गाडीत बोलू नका, कारण तिथून कोणालाच उठून जाता येत नाही. दोघांचे फोन दुसऱ्या खोलीत.

आणि सुरुवात तुमच्या चुकीपासून. "मी तुझा मेसेज बघितला होता. मी पोरीला तुझ्याबद्दल विचारत होतो. दोन्ही चुकलं, ते मी थांबवलंय." हे ऐकून ती भडकेल. भडकू द्या. मध्ये बोलू नका. हे आधी सांगायचं कारण असं की नंतर ते तिला कळलं तर तुमचा सगळा मुद्दा तिथेच वाहून जाईल. मग दुसरं वाक्य: "मला वाटतंय की आपल्या दोघांत कोणीतरी आहे. मला भीती वाटतेय. खरं काय आहे ते मला तुझ्याकडून ऐकायचंय, आणि तू काहीही सांगितलंस तरी आज मी ओरडणार नाही, घराबाहेर काढणार नाही, कोणाला फोन लावणार नाही." हे पाळता येणार असेल तरच म्हणा. त्या माणसाचं नाव शिवीसकट घेऊ नका. 'नोकरी सोड' नको. 'शपथ घे पोरांची' तर अजिबात नको. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथेनं आजवर काहीही सिद्ध झालेलं नाही, फक्त पुढच्या तापाच्या वेळी आईचा जीव जातो.

आणि एक सरळ सांगते. हात उचलला जाईल असं वाटलं तर उठा, चप्पल घाला, बाहेर पडा, तासाभरानं या. याआधी उचलला असेल तर एकट्यानं हे बोलणं करूच नका, समुपदेशकासमोर करा. 2005 च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यानं तिला त्या घरात राहण्याचा हक्क आहे, संशय असो की नसो, आणि 181 (महिला हेल्पलाइन) किंवा 112 (आपत्कालीन मदत) ला फोन करण्याचाही.

पुढे काय होईल ते तिच्या उत्तरावर. ती रागावली, रडली, पण दोन दिवसांत स्वतःहून बोलायला आली, तर ती चांगली खूण. कदाचित ती म्हणेल, तसं काही नाही, पण त्यांच्याशी बोलून बरं वाटतं. हे उत्तर सगळ्यात जास्त वेळा येतं आणि सगळ्यात जास्त वेळा फेटाळलं जातं. शरीराचा संबंध नाही म्हणजे काहीच नाही असं तिचं म्हणणं, आणि मनाचा आहे म्हणजे सगळं आलंच असं तुमचं. दोघंही थोडे चुकता. तीन आठवड्यांतला एकच आठवडा संध्याकाळ आणि रात्र दोन्ही घरी असणारा नवरा, दोन लहान मुलं, धाकट्याची रात्रीची जाग, पतसंस्थेची नोकरी. अशा बाईला दिवसातून एकदा कोणी 'जेवलीस का' विचारलं तर ते किती गोड लागतं, याची कल्पना पुरुषांना येत नाही. हे मी तिची बाजू घेऊन बोलत नाही. घसरण कुठून सुरू होते ते सांगतेय. आणि ते तसंच चालू ठेवायचं असंही नाही. नवऱ्यापासून लपवून ठेवावं लागतं ते बोलणं थांबायलाच हवं, हे तिनंही मान्य करायला हवं.

ती 'हो' म्हणाली तर तुम्हाला त्या क्षणी काहीतरी मोठं करावंसं वाटेल. पतसंस्थेत जाऊन त्या माणसाची कॉलर धरणं, तिच्या भावाला फोन करून 'घेऊन जा तुमची बहीण' म्हणणं, रात्री बारा वाजता आईला उठवणं. पंधरा दिवस यातलं काहीही नाही. आईला तर शक्य असेल तर कधीच नाही. तुम्ही दोघं उद्या सावराल, माफ कराल. आई माफ करणार नाही, आणि पुढच्या वीस वर्षांत हळदीकुंकवाला, बारशाला, आजारपणात ते बाहेर निघत राहील. कोणाशी तरी बोलल्याशिवाय जमणार नसेल तर एक माणूस निवडा, जो तोंडाचा घट्ट आहे आणि तुमच्या दोघांचंही भलं चिंततो. भाऊ यात बसत नाही.

त्या पंधरा दिवसांत एक काम मात्र करायचं, जे लाजेपोटी सगळे टाळतात: दोघांच्या तपासण्या. एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ बी. सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन आणि चाचणी केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत होते, नाव गुप्त ठेवतात. पहिली चाचणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करायची, तोवर निरोध. धाकटा अजून अंगावर पीत असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. हा अपमान नाही, आणि तिनं तुमचीही मागितली तर तुम्ही द्यायची.

तुम्ही प्रश्न विचाराल, रोज विचाराल, रात्री दोनला विचाराल. किती दिवसांपासून, अजून भेटता का, घरी आला होता का, पैसे दिले का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि तिनं खरी उत्तरं द्यायला हवीत, हप्त्याहप्त्यानं नाही. आज थोडं, पुढच्या महिन्यात आणखी थोडं, असं कबूल होत गेलं की माणूस दरवेळी नव्यानं कोसळतो. पण बिछान्यातले तपशील विचारू नका. ती चित्रं डोक्यातून जात नाहीत. आठवड्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास या विषयासाठी ठेवा, बाकी वेळी दूध, डबा, गृहपाठ. सुरुवातीला हे नाटकी वाटतं, पण घर चालू राहतं. आणि संबंध संपवायचा तर त्याच शाखेत, समोरासमोरच्या टेबलावर बसून तो संपत नाही. शाखाबदली मागून बघता येते. तीही नको म्हणत असेल तर मात्र तुम्हाला तुमचं उत्तर बऱ्यापैकी मिळालेलं आहे.

ती ठामपणे 'नाही' म्हणाली आणि तुमच्या मनातून जात नसेल, तर ते सगळ्यात अवघड. तेव्हा अट दोघांवर हवी: चॅट पुसायचे नाहीत, आणि बघायचेही नाहीत. उशीर होणार असेल तर तिनं आधी कळवायचं, आणि तुम्ही वाटेत दहा फोन करायचे नाहीत. तीन महिने. त्यात तुमचं मन निवळलं नाही आणि तिच्या बाजूनंही काही उमगलं नाही, तर तिसऱ्या माणसासमोर बसल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

'मुलांकडे बघून गप्प बसावं का' असं विचारलंत. पण तुम्ही गप्प कुठे आहात? जेवताना तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत नाही, हे मुलीला दिसतंय. मुलांसाठी एकत्र राहावं की वेगळं व्हावं, याचं सरसकट उत्तर माझ्यापाशी नाही, आणि जे ठणकावून देतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. पाहिलं ते सांगते. आईबाप वेगळे होऊन शांत झाले तिथली मुलं सावरली, आईबाप एकत्र राहून धुमसत राहिले तिथली मुलं दाराआड कान लावायला शिकली. आणि दोघांनी पडझड सावरून नव्यानं घर मांडलं तिथलीही मुलं मी पाहिलीत, ती बरी आहेत.

वेगळं व्हायची वेळ आलीच तर मुलांच्या ताब्याबद्दल एक गैरसमज काढून टाका. आई 'तशी' आहे म्हणून मुलं आपोआप वडिलांकडे येत नाहीत. व्यभिचार हा घटस्फोटाचा आधार असू शकतो, ताब्याचा नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं 2024 मध्ये एका नऊ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात म्हटलंय. हिंदू कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे असावं असं आहेच. कोर्ट बघतं ते मुलाचं हित, आणि बाप रोज डबा भरतो का, पालकसभेला जातो का, ताप आला तर डोस कोणाला आठवतो, हे त्यात येतं. ते तुम्ही आत्तापासून करा, ताब्यासाठी म्हणून नव्हे.

मुलीनं विचारलंच, 'तुम्ही भांडलात का', तर 'नाही' म्हणू नका. "हो, आमचं एका गोष्टीवरून भांडण आहे, तुझ्यावरून नाही, आम्ही ते सोडवतोय." हेच उत्तर दोघांनीही द्यायचं, शब्दाला शब्द. कोण चुकलं हे तिला कळायची गरज नाही, आत्ता नाही आणि दहा वर्षांनी तर भांडणाच्या भरात मुळीच नाही.

रविवारचं बोलणं अर्ध्यात अडकलं तर दोघं मिळून एखाद्या समुपदेशकाकडे जा. माझ्याकडे आलात तरी चालेल. पहिल्या वेळी मी दोघांना वेगवेगळं भेटते, एकाचं दुसऱ्याला सांगत नाही. ती यायला तयार नसेल तर तुम्ही एकटे या. येताना तिच्या फोनचे स्क्रीनशॉट आणू नका, मी ते बघत नाही. तुमच्या दोघांचे आपसातले शेवटचे वीस मेसेज मात्र वाचून या.